चेंडू कोणाच्या हाती? भारतीय रग्बी संघाचा इतिहास बेगडेवाडीतून वाचताना



गेल्या पावसाळ्यात आमच्या अभ्यासवर्गाला येणाऱ्या एका पोराने बेगडेवाडी स्टेशनवर लोकलची वाट पाहताना मोबाईलवर मला रग्बीची एक क्लिप दाखवली. चिखलात लोळणारे खेळाडू, अंड्यासारखा लांबट चेंडू, एकमेकांत डोकी घालून लावलेला जोर. क्लिप संपल्यावर त्याने दोन प्रश्न विचारले. "दादा, यात भारताचा संघ आहे का? आणि असला तर त्यात आपली पोरं आहेत का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे होते. होय, आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला लोकल येईपर्यंतचा वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी रग्बी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रग्बी युनियनमध्ये एका बाजूला १५ खेळाडू असतात. चेंडू हातात घेऊन पळायचे आणि समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. याला 'ट्राय' म्हणतात, त्याचे ५ गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला तर आणखी २, आणि पेनल्टीचे ३. सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही. द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा. हा नियम लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटी तो पुन्हा लागणार आहे.

एक तारीख, तीन घटना

२५ डिसेंबर ही तारीख आपल्याला कुणी शिकवायला नको. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचे दहन केले. २५ डिसेंबर १९५४ ला बेगडेवाडीपासून एका स्टेशनवर असलेल्या देहूरोडला त्यांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपण दरवर्षी तिथे जातो.

याच तारखेची तिसरी घटना फारशी कुणाला ठाऊक नसते. २५ डिसेंबर १८७२ ला कोलकात्यात रग्बीचा एक सामना झाला. भारतातल्या रग्बीचा इतिहास इथून सांगितला जातो. एका बाजूला इंग्लंडचे २० आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड व वेल्सचे मिळून २०. म्हणजे भारताच्या मैदानावर ४० माणसे खेळली आणि त्यांत भारताची बाजूच नव्हती. खेळाची चटक लागली म्हणून १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. पण बंगालच्या उकाड्यात हा दांडगा खेळ फार दिवस टिकला नाही. रग्बी खेळणारी पलटण बदलून गेली, साहेब लोक पोलो आणि टेनिसकडे वळले, क्लबातली फुकटची दारू बंद झाली आणि सभासद पांगले. क्लब गुंडाळताना बँकेत जे पैसे उरले होते ते चांदीच्या रुपयांत काढले, ते रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी संघटनेला भेट गेला. तोच 'कलकत्ता कप'. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात. जगातल्या आंतरराष्ट्रीय रग्बीचा हा सर्वांत जुना चषक.

आता हिशेब मांडा. चांदी इथली, कारागिरी इथली, मैदान इथले. गवत कापणारे, पाणी भरणारे, साहेबांचे बूट पुसणारे हात इथले. फक्त चेंडूला लागलेला हात इथला नव्हता. हा चषक घडला तेव्हापासून भारताचा स्वतःचा संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळेपर्यंत सुमारे १२० वर्षे गेली.

जिमखान्याचे फाटक

मुंबईत रग्बीचे घर म्हणजे बॉम्बे जिमखाना. १८७५ ची ही संस्था गोऱ्या साहेबांसाठी होती. भारतीय माणूस तिथे नोकर म्हणून जाई, सभासद म्हणून नाही. १९३३ साली भारताच्या भूमीवरचा पहिला क्रिकेट कसोटी सामना याच मैदानावर झाला, तेव्हाही क्लबाचे सभासदत्व भारतीयांना खुले नव्हते. आजही पावसाळ्यात, क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या गेल्या की, तिथे रग्बी खेळली जाते.

इथे कुणी म्हणेल, हा तर गोऱ्यांचा भेदभाव, तो इंग्रजांबरोबर गेला. मित्रांनो, फाटक एकच नव्हते. गोऱ्याच्या फाटकाच्या आत आणखी एक फाटक होते आणि ते आपल्याच देशबांधवांनी बांधले होते.

पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा पोरगा पुण्यात युरोपियनांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी रोलायचे काम करत होता. नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी टाकायची, पण हातात बॅट मिळायची नाही. पुढे त्याची डावखुरी फिरकी इतकी गाजली की साहेबांना हरवायला हिंदूंच्या संघाला त्याला घ्यावेच लागले. घेतले, पण पुण्यात चहाच्या वेळी त्याला बाहेर बसवले आणि मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर याच बाळूंनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले, हेही आपण जाणतो. तो राजकारणाचा वेगळा विषय. पण याच बाळूंच्या सत्काराला तरुण आंबेडकर कौतुकाने पुढे झाले होते, कारण मैदानावर मिळालेली बरोबरी ही काय चीज आहे हे त्यांना कळत होते.

क्रिकेटमध्ये निदान एक बाळू खेळपट्टीच्या रोलरवरून आत शिरला. रग्बीचे मैदान आपल्या वस्तीपासून त्याहूनही दूर होते.

राष्ट्रीय संघ, पण राष्ट्र कुठे?

स्वातंत्र्यानंतर रग्बी उरली ती मोजक्या बेटांवर. मुंबईचा जिमखाना, कोलकात्याचे जुने क्लब, तिथल्या आर्मेनियन शाळेची मुले आणि लष्कर. लष्कराच्या संघांनी पुढे अखिल भारतीय विजेतेपद अनेकदा पटकावले. लष्करात खेड्यातला पोरगाही चेंडूपर्यंत पोहोचू शकतो, कारण तिथे मैदान आहे, पोटभर जेवण आहे आणि शिकवणारा उस्ताद आहे.

१९६८ साली भारतीय रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली. राष्ट्रीय संघ मात्र १९९८ साली प्रथमच आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला, सिंगापूरला, आशियाई स्पर्धेत. अभिनेता राहुल बोस त्या पहिल्या संघात होता. पुढे तो रग्बी इंडियाचा अध्यक्षही झाला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत भारत यजमान म्हणून सात-सात खेळाडूंची 'सेव्हन्स' रग्बी खेळला. १९८७ पासून रग्बीचा विश्वचषक भरतो. त्यासाठी आपला पुरुष संघ एकदाही पात्र ठरलेला नाही.

हे सांगताना पहिल्या खेळाडूंचा अपमान करायचा नाही. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, तरी ते हाडे मोडून घेत खेळले. माझा मुद्दा त्यांच्या जिद्दीबद्दल नाही. शंभर कोटींच्या देशाचा संघ दोन-चार शहरांतल्या क्लबांतून निवडला गेला, तर त्याला राष्ट्रीय म्हणायचे की जिमखान्याचा? राष्ट्राची शक्ती वस्त्या-पाड्यांवर पडून होती आणि निवड मात्र फाटकाच्या आतल्यांमधूनच होत होती.

फाटक उघडले तेव्हा काय झाले

गेल्या वीस वर्षांत चित्र बदलू लागले. ते बदलले क्लबांच्या बाहेरून.

२००७ साली भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस या निवासी शाळेतली आदिवासी मुले १४ वर्षांखालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी इंग्लंडला गेली आणि अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या मुलांना हरवून चषक घेऊन आली. त्याआधी काही काळापर्यंत त्यांतल्या अनेकांनी हा लांबट चेंडू पाहिलाही नव्हता. इकडे बंगालमध्ये 'जंगल क्रोज' या कोलकात्याच्या संस्थेने वस्तीतल्या मुलांना घेऊन खेळ सुरू केला आणि तो सिलिगुडीजवळच्या सरस्वतीपूर चहामळ्यापर्यंत पोहोचवला. तिथल्या मजुरांच्या घरांतून संध्या राय, स्वप्ना ओराव अशा मुली थेट भारतीय संघात आल्या. बिहारमधल्या बाढची स्वीटी कुमारी इतकी वेगवान निघाली की २०१९ साली महिला रग्बीच्या एका नामवंत आंतरराष्ट्रीय संकेतस्थळाने तिला वर्षातली सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून निवडले.

आणि मग आला जून २०१९. मनिला, फिलिपाइन्स. भारतीय महिलांचा १५ जणींचा संघ त्याच्या आदल्याच वर्षी पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामना खेळला होता आणि तोवर एकही जिंकला नव्हता. कर्णधार होती आपल्या पुण्याची वहबीज भरुचा. समोर सिंगापूर. सामना शेवटच्या मिनिटांत आला तेव्हा भारत मागे होता. ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी घेतली आणि चेंडू खांबांमधून गेला. भारत २१, सिंगापूर १९. १५ जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय आणि आशियाई स्पर्धेतले कांस्यपदक.

सेव्हन्समध्येही २०२२ साली जकार्ताच्या आशियाई ट्रॉफीत याच पिढीतल्या मुलींनी रौप्य आणले. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग भरली. म्हणजे आता या खेळात पैसाही येऊ लागला आहे. पैसा आला की फाटके पुन्हा बंद व्हायला वेळ लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भुवनेश्वरच्या त्या शाळेच्या शिक्षणपद्धतीवर आदिवासी कार्यकर्त्यांनी कठोर टीका केलेली आहे. मुलांना त्यांच्या भाषेपासून आणि गावापासून तोडले जाते असे ते म्हणतात. ती टीका ऐकलीच पाहिजे. आदिवासी पोरांना मैदान मिळण्यासाठी घर सोडावे लागते, कुणाच्या तरी दातृत्वावर अवलंबून राहावे लागते, ही व्यवस्थेची लाज आहे. मैदान हा उपकार नाही, तो हक्क आहे. पण त्या मुलींनी मारलेली मजल कुणाच्या उपकाराची नाही. ती त्यांच्या पायांची आहे.

मेरिटवाल्यांना उत्तर

आता नेहमीचा आक्षेप येईल. "खेळात कसली जात? इथे तर शुद्ध मेरिट." ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय महिला हॉकी संघ हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत केली. हरल्यावर बरोबर जात आठवते! जिंकल्यावर मात्र ती देशाची लेक असते.

मेरिटचा खरा धडा दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाने, स्प्रिंगबॉक्सने, दिला आहे. वर्णभेदाच्या काळात हिरवी जर्सी म्हणजे गोऱ्यांची मक्तेदारी होती. त्यांच्या दौऱ्यासाठी न्यूझीलंडसारख्या देशानेही १९२८, १९४९ आणि १९६० साली आपले माओरी खेळाडू घरी ठेवले. संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, एरोल टोबायस, आला तो १९८१ साली. त्याच वर्षी स्प्रिंगबॉक्सच्या न्यूझीलंड दौऱ्याविरुद्ध तिथली जनता रस्त्यावर उतरली, मैदानात घुसली. तिथल्या वर्णभेदविरोधी क्रीडा चळवळीची भूमिका साधी होती: समाज विकृत असेल तर त्यातला खेळ निकोप असू शकत नाही. जातीच्या देशात राहणाऱ्या आपल्याला हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

२४ जून १९९५ ला स्प्रिंगबॉक्सने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला. नेल्सन मंडेला हिरवी जर्सी घालून चषक द्यायला आले. जग रडले. पण त्या संघात कृष्णवर्णीय किती होते? एकटा चेस्टर विल्यम्स. फोटोतली गळाभेट आणि संघातली जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंगतीला बोलावून फोटो काढणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

तिथले लोक फोटोवर थांबले नाहीत. संघात कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढले पाहिजे अशी लक्ष्ये ठरली. तेव्हा तिथेही ओरड झाली, की आता दर्जा बुडणार. आपल्याकडे आरक्षणाविरुद्ध होते तीच ओरड, अक्षरही वेगळे नाही. झाले काय? झ्वीडे या गरीब वस्तीत वाढलेला सिया कोलीसी शिष्यवृत्तीवर चांगल्या शाळेत गेला, पोटभर जेवला, खेळला आणि स्प्रिंगबॉक्सचा पहिला कृष्णवर्णीय कसोटी कर्णधार झाला. २ नोव्हेंबर २०१९ ला योकोहामात त्याच्या संघाने इंग्लंडला ३२-१२ असे धुतले. त्या अंतिम सामन्यातले दोन्ही ट्राय माकाझोले मापिंपी आणि चेस्लिन कोल्बी या गौरेतर खेळाडूंचे होते. २०२३ ला पुन्हा कोलीसीच्याच नेतृत्वाखाली विश्वचषक. एकूण चार, जगात सर्वांत जास्त. दर्जा बुडाला नाही, वाढला. कारण दार उघडल्याने मेरिट कमी होत नसते. बंद दाराच्या आत जे असते ते मेरिट नसते, वारसा असतो.

मग आपली पोरं कुठे आहेत?

आता परत बेगडेवाडीला येऊ. आपल्या स्टेशनपासून जवळ गहुंजेला एक्स्प्रेसवेच्या कडेला महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे भव्य स्टेडियम आहे. तिथे कसोटी झाली, विश्वचषकाचे सामने झाले. सामन्याच्या दिवशी लोकलमधून माणसांचे लोंढे उतरतात. आपली पोरे गाड्या लावायला, पाण्याच्या बाटल्या विकायला, खुर्च्या पुसायला जातात. काम कोणतेही हलके नाही. पण बाळूच्या हातात रोलर होता, त्याला सव्वाशे वर्षे झाली. आपल्या पोराच्या हातात आज खुर्ची पुसायचे फडके आहे. मधल्या सव्वाशे वर्षांचे काय केले आपण?

मावळात जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली जाते आहे. फार्महाऊस होतात, सोसायट्या होतात. त्यांच्या आत कुंपण घातलेले मैदान असते आणि फाटकावर रखवालदार असतो. तो बहुधा आपलाच असतो. वस्तीतली पोरे रस्त्याच्या कडेला खेळतात. मुलींना तर तेवढेही नाही.

म्हणून माझे म्हणणे एका वाक्यात असे: संघाची निवड समितीच्या खोलीत होत नाही, ती मैदानाच्या फाटकावर आधीच झालेली असते. तिथून ज्याला परत पाठवले, त्याचे नाव कुठल्याच यादीत येत नाही. नोकरीतही तेच. महाराष्ट्रात शासकीय भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. ज्याला मैदानच नाही, त्याला त्या ५ टक्क्यांचा काय उपयोग?

आपल्या हातात काय आहे? भरपूर आहे. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तळी, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक वापराच्या जागाही आहेत. तिथे जातीवरून कुणाला अडवता येत नाही. महाडचे तळे ज्या हक्काने खुले केले, त्याच हक्काच्या रांगेत गावचे मैदान उभे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण असावे असे लिहिले आहे. तेव्हा माहिती अधिकारात अर्ज टाका. आपल्या हद्दीतल्या किती शाळांना क्रीडांगण आहे? विकास आराखड्यात मैदानासाठी राखलेली जागा किती आणि आज तिच्यावर काय उभे आहे? ग्रामसभेत हा विषय घ्या. शाळा सुटल्यावर मैदान वस्तीतल्या मुलांना आणि ठरलेल्या वेळी फक्त मुलींना खुले राहील असा ठराव मागा. समता सैनिक दलाच्या पोरांना मैदानावर कवायत करायची सवय आहेच. त्याच मैदानावर एक लांबट चेंडू आणा. रग्बीला महागडी बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत. चेंडू, मोकळी जागा आणि शिकवणारा माणूस, एवढ्यावर सरस्वतीपूरच्या मुली भारतासाठी खेळल्या.

आणि शेवटी तो नियम, जो मी लक्षात ठेवायला सांगितला होता. रग्बीत चेंडू पुढे फेकता येत नाही. पुढे गेलेल्याने मागे वळून मागच्याच्या हाती तो द्यायचा असतो. तरच सगळा संघ पुढे सरकतो. जो चेंडू छातीशी धरून एकटाच पळतो, त्याला चौघे मिळून पाडतात आणि चेंडूही जातो. मित्रांनो, हे मी आपल्यातल्या नोकरीला लागलेल्या, फ्लॅट घेतलेल्या, जिमचे सभासद झालेल्या बांधवांना उद्देशून लिहितो आहे. देहूरोडच्या डेपोत आणि छावणीत राबलेल्या पिढीने चेंडू आपल्यापर्यंत आणून दिला. आपण वस्तीकडे वळून पाहिले का?

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला वंदनेला याल, तेव्हा परतीच्या वाटेवर एक स्टेशन पुढे बेगडेवाडीला उतरा. येताना एक चेंडू घेऊन या. त्या पोराचा दुसरा प्रश्न अजून उत्तराची वाट पाहतो आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.